झाडावर किती फळं ठेवायची

हनीक्रिस्प सफरचंदाचा पहिला घास घेतला तेव्हा चव नंतर कळली, आधी आवाज आला. दात टेकले आणि फळाचा तुकडा कडकन सुटून तोंडात आला, पाठोपाठ हनुवटीवर रसाचा ओघळ. आंबटगोड चव छानच होती, पण माझ्या मनात बसला तो आवाज. त्याच आठवड्यात ठरवलं की अंगणात एखादं फळझाड लावायचं तर हेच.

त्या आवाजामागचं कारण पुढे वाचनात आलं. बरीच सफरचंदं थोडी जुनी झाली की त्यांच्या पेशी चावताना एकमेकींपासून नुसत्या सुट्या होतात, फुटत नाहीत. रस आतच राहतो आणि घास पिठूळ लागतो. हनीक्रिस्पच्या पेशी आकाराने मोठ्या असतात आणि एकमेकींना घट्ट धरून असतात. दाताखाली त्या सुटत नाहीत, सरळ फुटतात. म्हणून तो कडकपणा, म्हणून तो रस. मला मात्र तेव्हा एवढंच कळत होतं की हे सफरचंद आपल्या हाताने पिकवायचं. त्याला सहा वर्षं लागतील असं कुणी सांगितलं असतं तरी मी लावलंच असतं.

माझ्या अंगणात हिवाळ्यात बर्फ पडतो, त्यामुळे थंडीची काळजी नव्हती. सफरचंदाला ती लागतेच. पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय कळ्यांची झोप नीट मोडत नाही आणि बहर तुरळक, मागेपुढे येतो. हनीक्रिस्प तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या विद्यापीठात, कडाक्याचा हिवाळा सोसेल असं फळ शोधताना निघालेला वाण. रोप आणलं ते एम-९ या बुटक्या खुंटावरचं, म्हणजे झाड छोटं ठेवणाऱ्या दुसऱ्या सफरचंदाच्या मुळांवर बांधलेलं, कलम होतं. या खुंटावर झाड शिडीशिवाय हात पुरेल एवढंच वाढतं आणि फळ लवकर धरतं. पण मुळं ठिसूळ असतात, झाड स्वतःच्या बळावर उभं राहत नाही. लावतानाच शेजारी भक्कम खांब रोवला आणि खोड दोन ठिकाणी सैल पट्टीने बांधलं. कलमाचा सांधा जमिनीपासून चार बोटं वर राहील याकडे नीट लक्ष दिलं. तो सांधा मातीत गेला तर वरच्या वाणाला स्वतःची मुळं फुटतात आणि बुटक्या खुंटाचा उपयोगच संपतो. हनीक्रिस्पला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, म्हणून आठ-दहा पावलांवर एक क्रॅबॲपल, म्हणजे बारक्या फळांचं सफरचंदाचंच झाड, लावलं. त्याची फुलं ऐन त्याच दिवसांत उमलतात.

इथपर्यंत सगळं नीट झालं. चूक झाली ती दुसऱ्या वर्षी.

दुसऱ्या वसंतात त्या काठीएवढ्या झाडावर फुलांचे अकरा झुबके आले. रोपाबरोबर आलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की पहिली दोन वर्षं फुलं काढून टाका. मी कागद वाचला होता. पण पहिल्यांदाच आलेली ती गुलाबी कडांची पांढरी फुलं खुडायला हात धजेना. नऊ फळं राहिली, पिकली आणि आम्ही ती कौतुकाने खाल्ली. त्या वर्षी झाडाची वाढ मात्र जवळपास थांबली. शेंडा वीतभरसुद्धा वाढला नाही. शेजारचं क्रॅबॲपल माझ्या खांद्याला लागलं होतं आणि हे होतं तिथेच.

हनीक्रिस्प मुळातच जोमाचा वाण नाही, त्यात खुंट बुटका. झाड मिळेल ते सगळं फळात ओततं आणि फांद्यांसाठी काहीच उरत नाही. लहानपणी फळाला जुंपलेलं झाड मग खुरटंच राहतं. तिसऱ्या वर्षी मी एकूण एक फूल खुडलं. थोडी वाढ झाली, पण गेलेलं वर्ष पूर्ण भरून आलं नाही. आजही हे झाड त्याच्या वयाच्या मानाने लहान दिसतं.

चौथ्या वर्षी झाड पांढरं झालं. खरंच, पान दिसत नव्हतं इतका बहर. मधमाश्या सकाळपासून अंधार पडेपर्यंत. दोन वर्षं धीर धरला होता, आता घ्यावं असं वाटलं. पाकळ्या गळल्यावर झुबक्याझुबक्यांत चार-चार, पाच-पाच फळं धरली. वाचलं होतं की झाड स्वतःच नको असलेली फळं गाळतं, आणि गाळली त्याने काही. उरली ती नव्वदच्या वर. फांद्या वाकल्या, तीन ठिकाणी टेकू दिले. फळं लहान, रंगाला फिकी, चवीला पाणचट निघाली. तो आवाजही निम्माच.

त्यातली चांगली निवडून दोन पेट्या भरल्या आणि तोडल्या दिवशीच मागच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवल्या. फ्रीजची थंडी मुद्दाम वाढवून जवळजवळ गोठणबिंदूवर आणली. फळ जितकं थंड तितकं जास्त टिकणार असा माझा समज. तीन आठवड्यांनी पेटी उघडली तर बऱ्याच फळांच्या सालीवर तपकिरी पट्टे उमटले होते. कडा अशा रेखीव, जणू कुणी ओली फीत गुंडाळून काढून घेतली आहे. काही वरून चांगली दिसत होती, पण कापल्यावर आतला गर ओलसर आणि तपकिरी. त्या दिवशी कचऱ्याच्या टोपलीपाशी बसून मी खूप वेळ एकेक फळ कापून बघत राहिले. रोग नव्हता, कीड नव्हती. या वाणाला एकदम बसलेली कडक थंडी सोसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

पाचव्या वर्षाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्या एका वर्षात मी तीन वेगवेगळी दुखणी पाहिली आणि तिन्हींचं मूळ एकच निघालं.

वसंतात झाडावर फुलं आलीच नाहीत. अख्ख्या झाडावर मोजून पाच झुबके. एक वर्ष भरपूर, दुसऱ्या वर्षी ठणठणाट, ही वर्षाआड फळ देण्याची खोड सफरचंदात असतेच, पण हनीक्रिस्पमध्ये ती फार. का होतं ते समजल्यावर माझी झाडाकडे बघायची नजरच बदलली. पुढच्या वर्षीच्या फुलाची कळी पुढच्या वर्षी तयार होत नाही. ती यंदाच, यंदाचा बहर ओसरल्यावर साधारण महिना-दीड महिन्यात, फांदीच्या आत ठरते. नेमक्या त्याच दिवसांत झाडावर कोवळी फळं असतात आणि त्या फळांमधल्या बिया जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करतात. हे संप्रेरक शेजारच्या डोळ्याला, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कोंबाला, फुलाची कळी होऊ देत नाही. फळं जास्त तर बिया जास्त, आणि पुढच्या वर्षी फुलं कमी. चौथ्या वर्षी मी नव्वद फळांनी फांद्या वाकू दिल्या तेव्हाच पाचवं वर्ष रिकामं करून ठेवलं होतं.

उन्हाळ्याच्या मध्यावर पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधेमधे पिवळे डाग, विशेषतः खालच्या, जुन्या पानांवर. पोटात गोळा आला. मला वाटलं झाड उपाशी आहे. नत्र आणि पालाश असलेलं खत आणलं, दोनदा घातलं, वर भरपूर पाणी दिलं. पानं तशीच राहिली. कारण ते दुखणं उपासमारीचं नव्हतंच, उलट होतं. पानांनी उन्हात तयार केलेलं अन्न बाहेर पुरेसं जात नाही, ते पिष्ट (स्टार्च) होऊन पानातच साचतं आणि पान पिवळं पडतं. हनीक्रिस्पची ही जातीचीच खोड आहे, आणि फळं कमी असलेल्या वर्षी ती जास्त दिसते, कारण त्या अन्नाला घेणारं कुणी झाडावर नसतं. भरल्या घरात मी शिधा पाठवत होते.

त्या खताचा परिणाम दिसला तो फळांवर. पाच झुबक्यांतून सात फळं राहिली. सात फळांना सगळं झाड, त्यामुळे ती प्रचंड झाली, एकेक ओंजळीत मावेना अशी. रंग सुरेख. तोडायच्या आधी आठवडाभर एका फळाच्या खालच्या बाजूला, देठाच्या विरुद्ध टोकाशी, मुगाच्या दाण्याएवढे दबलेले तपकिरी खड्डे दिसले. दोन दिवसांत आणखी. साल अलगद काढली तर खड्ड्याखाली बुचासारखा कोरडा, तपकिरी गर, चवीला कडवट. सातांपैकी सहा फळं अशी निघाली.

याला बिटर पिट म्हणतात. फळात कॅल्शियम कमी पडलं की होतं. माझ्या मातीत कॅल्शियमची कमतरता नव्हती, तपासून घेतलं होतं. अडचण वाटणीची होती. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी जिकडे जास्त उडतं तिकडे जातं. पानांतून पाणी भरपूर उडतं, फळातून थोडं. त्यामुळे बहुतेक कॅल्शियम पानंच ओढून घेतात, आणि एकदा पानात गेलेलं कॅल्शियम तिथून निघून फळाकडे येत नाही. फळाला जे काही मिळायचं ते मुख्यतः कोवळं असताना, पहिल्या काही आठवड्यांत. नंतर फळ फुगत जातं आणि तेवढंच कॅल्शियम मोठ्या देहात विरळ होत जातं. म्हणून फळं कमी आणि आकार मोठा असलेल्या वर्षी बिटर पिट हमखास. त्यात मी नत्र घालून नवे, तहानलेले शेंडे वाढवले आणि पालाश घालून कॅल्शियमच्या वाटेत आणखी एक स्पर्धक उभा केला.

त्या शरद ऋतूत झाड काढून टाकायचा विचार खरोखर केला. कुदळसुद्धा आणून ठेवली होती. तेव्हाच या वाणाचा इतिहास वाचनात आला. 1960 मध्ये केलेल्या संकरातून हे रोप निघालं. पुढे मिनेसोटाच्या एका तडाख्याच्या हिवाळ्यात मूळ झाडाला इजा झाली आणि हा वाण टाकून द्यावा अशी नोंद झाली. डेव्हिड बेडफर्ड नावाच्या संशोधकाने त्याच्या उरलेल्या कलमांना आणखी एक संधी दिली. ती जगली, फळली, आणि 1991 मध्ये तोच वाण हनीक्रिस्प म्हणून बाहेर आला. नोंदवहीत त्याचे आईबाप म्हणून मकून आणि हनीगोल्ड यांची नावं होती, ती चुकीची निघाली. डीएनए तपासणीत एक बाजू कीपसेक या वाणाची ठरली. दुसरी बाजू 2017 मध्ये कळली, आणि तो नुसत्या क्रमांकाने ओळखला जाणारा, बाजारात कधीच न आलेला वाण होता. ज्याच्या घराण्याची नोंदही धड नव्हती आणि ज्याच्या नावावर काट मारली होती, त्या झाडाचं कलम माझ्या अंगणात उभं होतं. कुदळ परत ठेवून दिली.

सहाव्या वर्षी, अपेक्षेप्रमाणे, झाड पुन्हा पांढरं झालं. पाचव्या वर्षी विश्रांती मिळाली होती, कळ्या धरायला मोकळं रान होतं. या वेळी मी मापपट्टी घेऊन गेले.

फळबागायतदार या वाणाचा हिशोब खोडावरून करतात. कलमाच्या सांध्याच्या थोडं वर खोडाचा घेर मोजायचा, त्यावरून खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ काढायचं आणि दर चौरस सेंटिमीटरला चार ते पाच फळं ठेवायची. माझ्या झाडाचा घेर साडेबारा सेंटिमीटर भरला. म्हणजे व्यास साधारण चार, क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटरच्या आसपास. फळं पन्नास ते साठ. चौथ्या वर्षी याहून बारीक खोडावर मी नव्वदच्या वर ठेवली होती! आकडा कागदावर लिहिला आणि बराच वेळ बघत राहिले.

त्या दिवसांत आई माझ्याकडे राहायला आली होती. पाकळ्या गळून दोन आठवडे झाले होते, फळं हरभऱ्याएवढी. मी स्टूल घेऊन झाडापाशी गेले आणि विरळणी सुरू केली. प्रत्येक झुबक्यात पाच-सहा फळं असतात. मधलं फूल सगळ्यांत आधी उमललेलं, त्याचं फळ सहसा मोठं आणि देठाला जाड. ते ठेवायचं, बाकीची काढायची. अंगठा आणि तर्जनीत फळ धरून देठापासून हलकेच मुरडलं की टचकन सुटतं. ओढायचं नाही. ओढलं तर शेजारचं हवं असलेलं फळही येतं, कधीकधी अख्खा झुबकाच हातात येतो.

आई ओट्यावरून बघत होती. टोपलीत हिरवा थर साचायला लागला तशी ती जवळ आली.

"अगं, धरलेलं फळ असं तोडू नये. किती जिवाने आलंय ते."

"आई, हे सगळं ठेवलं तर पुढच्या वर्षी एकही येत नाही. मागच्या वर्षी तू फोनवर विचारत होतीस ना, सफरचंदं का नाहीत म्हणून?"

तिला पटलं नाही. तरी टोपली तिने हातात घेतली आणि मी तोडलेलं फळ खाली पडू न देता त्यात झेलत राहिली. मी तिला एक फळ आडवं कापून दाखवलं. नखाएवढ्या त्या चकतीत पाच घरांचा तारा होता आणि त्यात पांढऱ्या, अजून पाणीच असलेल्या बिया. "या बिया झाडाला सांगतात, पुढच्या वर्षी फुलू नकोस," मी म्हटलं. आई चकती हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "वरच्या फांदीवर जोडी राहिलीय बघ, तुझ्या डाव्या हाताला."

सकाळभर काम चाललं. दोन फळांत वीतभर अंतर, एका झुबक्यात एकच, काही झुबके पूर्ण रिकामे. बारीक, खाली लोंबणाऱ्या फांद्यांवर काहीच ठेवलं नाही. शेवटी आईनेच मोजली.

"किती झाली?"

"त्रेपन्न."

"मग आता हात थांबव."

टोपलीत अडीचशेच्या वर फळं होती. तोडताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी खत घातलंच नाही. आळ्यात लाकडाच्या भुग्याचं आच्छादन केलं आणि पाणी ठरावीक दिवशी, सारखं दिलं. कोरडं पडू द्यायचं आणि मग एकदम भरायचं, असं केलं तर कॅल्शियमचं वाटप आणखी बिघडतं. विरळणीनंतर थोड्याच दिवसांनी कॅल्शियमची फवारणी सुरू केली आणि दर दोन आठवड्यांनी तोडणीपर्यंत चालू ठेवली. फवारलेलं कॅल्शियम पानातून फळात जात नाही, त्यामुळे तुषार प्रत्येक फळावर बसायला हवा. एकेका फळाभोवती नळी फिरवत जायची. टळटळीत उन्हात फवारलं तर पानांच्या कडा करपतात, म्हणून संध्याकाळी. पानांवर पिवळे डाग या वर्षीही आले, पण थोडे, आणि मी त्यांना हात लावला नाही. खपली रोगाचा त्रास या वाणाला तसा कमीच, त्यासाठी काही करावं लागलं नाही.

तोडणी एका दिवसाची नसते हेही याच वर्षी शिकले. हनीक्रिस्प एकदम पिकत नाही, उन्हाकडची बाहेरची फळं आधी आणि आतली नंतर. लाल रंगावर जाऊ नये, तो फसवतो. लालीच्या मागची मूळ साल बघायची. ती हिरवी असेल तर थांबायचं, पिवळसर दुधी झाली की फळ तयार. आयोडीन लावून फळात पिष्ट किती उरलंय यावरून ते पिकलंय का हे तपासायची पद्धत आहे, पण या वाणात पिष्ट लवकर संपतं, त्यामुळे एकट्या त्या चाचणीवर विसंबून चालत नाही. मी एक फळ कापून खायचे आणि ठरवायचे. तीन आठवड्यांत तीन खेपा झाल्या. फळ तळहातात घेऊन वर उचललं आणि किंचित फिरवलं की देठासकट येतं. मग सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, देठ खळग्याच्या आत जाईल इतका आखूड कापायचा. साल इतकी पातळ आहे की एकाचा ताठ देठ शेजारच्या फळात घुसतो आणि तिथून सड सुरू होते. त्रेपन्न देठ कापायला फार वेळ लागत नाही.

त्रेपन्नांपैकी चार फळांवर खड्डे निघाले. दोन पक्ष्यांनी टोचली. बाकी सत्तेचाळीस हातात आली, मूठभर आकाराहून थोडी मोठी, सारखी.

या वेळी फ्रीजची घाई केली नाही. पेट्या आधी आठवडाभर तळघरात ठेवल्या, तिथे तापमापक दहा अंश सेल्सिअस दाखवत होता. फळाला थंडीची ओळख होऊ दिली आणि मग फ्रीजमध्ये, तीन-चार अंशांवर. त्याखाली नाही. पहिला महिना दर आठवड्याला पेटी उघडून एकेक फळ फिरवून बघत होते. पट्टे आले नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी पेटीत दोन फळं उरली होती. एक मी आईशी फोनवर बोलताना खाल्लं. "काय खातेस गं एवढं कडाकडा?" तिने विचारलं. मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून छाटणीला गेले. छाटायच्या आधी फांद्या निरखल्या. पानाचा डोळा बारीक आणि फांदीला चिकटलेला असतो, फुलाचा फुगीर, करड्या लवीचा आणि जरा बाहेर आलेला. ज्या झुबक्यांवर फळ ठेवलं होतं तिथे बहुतेक बारीक डोळे होते. जे झुबके आईच्या टोपलीत रिकामे केले होते, त्यांच्या टोकांवर बोटांनी चाचपत गेले. गोल, लवदार, फुगीर. खालच्या चार फांद्यांवर असे एकतीस डोळे मोजले, आणि मग आणखी वरच्या फांद्यांसाठी स्टूल आणायला आत गेले.